संगणकाची ऊर्जाबचत : अपडेटनंतरचे बिघाड

काम थांबल्यावर पडदा मालवणे, प्रोसेसरचा वेग उतरवणे, ठरलेल्या वेळाने स्लीप किंवा हायबरनेटमध्ये जाणे आणि हाक दिल्यावर पुन्हा उठणे, ही संगणकाची ऊर्जाबचत व्यवस्था. कार्यप्रणाली, ड्रायव्हर किंवा फर्मवेअर अपडेट झाल्यावर या व्यवस्थेत जे दोष उद्भवतात त्यांचा विचार या नोंदीत केला आहे. त्यांची रूपे मोजकीच आहेत. संगणक झोपत नाही. झोपतो पण मध्यरात्री आपोआप उठतो. उठतो पण पडदा काळाच राहतो. मेनूतला ‘स्लीप’ हा पर्यायच गायब होतो. किंवा वरवर सगळे ठीक दिसत असताना झाकण मिटलेल्या लॅपटॉपची बॅटरी रात्रीत उतरते. हार्डवेअर खराब झाल्याचे हे लक्षण क्वचितच असते. फर्मवेअर, कार्यप्रणाली आणि ड्रायव्हर या तिघांत एक समझोता चालत आलेला असतो आणि अपडेटने त्यांपैकी एकाची वागणूक बदललेली असते. तो एक कोण, हे कळेपर्यंत सेटिंगे फिरवण्यात वेळ वाया जातो.

पूर्वपीठिका : इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनी १९९२ मध्ये एपीएम ही पद्धत आणली. तिच्यात झोपेचा कारभार मुख्यतः बायोसकडे होता आणि वरच्या कार्यप्रणालीला त्याची धड कल्पनाही नसे. डिसेंबर १९९६ मध्ये याच दोन कंपन्यांनी तोशिबासह एसीपीआय हे प्रमाणक प्रसिद्ध केले. २०१३ पासून त्याची जबाबदारी यूईएफआय फोरमकडे आहे. एसीपीआयने सूत्रे कार्यप्रणालीच्या हाती दिली. निर्णय तिने घ्यायचा आणि त्या विशिष्ट मदरबोर्डवर तो अमलात कसा आणायचा, हे फर्मवेअरने तक्त्यांतून सांगायचे. एस-० म्हणजे संगणक चालू. एस-३ म्हणजे फक्त रॅमला वीज, बाकी सारे बंद. एस-४ म्हणजे रॅममधला मजकूर डिस्कवर उतरवून पूर्ण विश्रांती, अर्थात हायबरनेट. एस-५ म्हणजे बंद.

या तक्त्यांत नुसती माहिती नसते, छोटे प्रोग्रामही असतात. फर्मवेअर त्यांतून कार्यप्रणालीला विचारते, ‘तू अमुक सालची विंडोज आहेस का?’ आणि मिळालेल्या उत्तराप्रमाणे वागते. बहुतेक उत्पादक आपले फर्मवेअर विंडोजवरच तपासतात, त्यामुळे लिनक्सही या प्रश्नाला बेलाशक ‘हो’ म्हणतो. हे सोंग सहसा खपून जाते. पण विंडोज ८ चे नाव सांगितल्यावरही ‘हो’ म्हणायला लिनक्स शिकला, तेव्हा काही थिंकपॅडचे फर्मवेअर वेगळ्याच वाटेने गेले आणि पडद्याचा उजेड कमीजास्त करणारी बटणे काम करीनाशी झाली. लॅपटॉप तोच, बटणे तीच; फक्त एका प्रश्नाचे उत्तर बदलले होते.

२०११ चे एएसपीएम प्रकरण : अपडेटने बॅटरी कशी खाल्ली जाते, याचा इतका उघडा तपास क्वचितच पाहायला मिळतो. मार्च २०११ मध्ये लिनक्स कर्नलची २.६.३८ ही आवृत्ती आली आणि कित्येक लॅपटॉप आधीपेक्षा जास्त वीज ओढू लागले. फोरॉनिक्स या लिनक्सविषयक संकेतस्थळाचे मायकेल लाराबेल यांनी विजेची मोजणी करत, कर्नलमधले बदल अर्ध्या-अर्ध्याने चाळत दोषाचा माग काढला आणि जूनमध्ये तो एएसपीएमपाशी येऊन थांबला. पीसीआय एक्सप्रेसवर जोडलेले उपकरण गप्प असेल तेव्हा त्याच्याकडे जाणारा दुवाही निजवायचा, हे एएसपीएमचे काम. काही फर्मवेअर आपल्या तक्त्यात ‘इथे एएसपीएम नाही’ असे नोंदवत. नव्या कर्नलने ते प्रमाण मानून एएसपीएम बंद करायला सुरुवात केली. कागदोपत्री यात काहीच गैर नव्हते. पण तेच फर्मवेअर तक्त्यात नकार लिहून प्रत्यक्षात काही उपकरणांवर एएसपीएम चालू करून ठेवत असे. जुना कर्नल त्याला हात लावत नव्हता, म्हणून बचत होत होती.

सुरुवातीचा तोडगा कर्नलला बूट होताना ‘एएसपीएम सक्तीने चालू कर’ असे सांगण्याचा होता. त्याने अनेकांची बॅटरी सुधारली, पण ज्या यंत्रांत एएसपीएम खरोखरच नीट चालत नाही ती अडकून बंद पडण्याचा धोका होता. कर्नलचे विकासक मॅथ्यू गॅरेट यांनी प्रश्न वेगळा लावला : अशा यंत्रावर विंडोज काय करते? ती फर्मवेअरने लावून ठेवलेली घडी तशीच राहू देते, असा निष्कर्ष काढून त्यांनी कर्नलला तेच शिकवले. हा बदल २०१२ मध्ये ३.३ या आवृत्तीत आला आणि ३.२ च्या शाखेतही देण्यात आला. म्हणजे जवळपास वर्षभर लोक नवी बॅटरी विकत घ्यावी की काय, या विचारात होते आणि दोष एका तक्त्यातल्या खोट्या नोंदीत होता.

विंडोजमधील तपास : मोठ्या अपडेटनंतरच्या पहिल्या दिवसावरून काहीही ठरवू नये. शोधसूची नव्याने बांधणे, अँटिव्हायरसची तपासणी, डॉटनेटच्या फाइलींचे पुनर्संकलन ही कामे तेव्हा मागे चालू असतात. संगणक रात्रभर चार्जरवर चालू ठेवावा आणि तक्रार उरली तरच पुढे जावे.

यानंतरचे मुख्य हत्यार म्हणजे पॉवरसीएफजी ही आज्ञा. ती प्रशासकाच्या हक्काने उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये द्यावी, कारण तिचे काही पर्याय तिथेच चालतात. तिला ‘ए’ हा पर्याय जोडला की या संगणकावर झोपेच्या कोणत्या अवस्था उपलब्ध आहेत आणि कोणत्या का नाहीत, ते छापून येते. ‘स्लीप’ पर्याय नाहीसा झाला असेल तर उत्तर बहुधा इथेच सापडते. नेहमीचे कारण असे, की अपडेटमध्ये ग्राफिक्स कार्डाचा मूळ ड्रायव्हर निसटलेला असतो आणि त्याच्या जागी मायक्रोसॉफ्टचा कामचलाऊ ड्रायव्हर बसलेला असतो. पडद्यावर चित्र दिसत असल्यामुळे कोणाला शंका येत नाही, पण या ड्रायव्हरला एस-३ पेलत नाही. उत्पादकाचा ड्रायव्हर पुन्हा बसवला की पर्याय परत येतो. आभासी संगणक चालवणारी हायपर-व्ही ही सोय सुरू केल्यावरही काही अवस्था अशाच नाहीशा होतात, तेव्हा यादीत दोष हायपरव्हायजरच्या नावावर दिसतो.

झोपच लागत नसेल तर हीच आज्ञा ‘रिक्वेस्ट्स’ या पर्यायासह द्यावी. ‘डिस्प्ले’, ‘सिस्टिम’, ‘अवेमोड’, ‘एक्झिक्यूशन’ अशी शीर्षके एकाखाली एक येतात. ज्याच्याखाली ‘नन’ लिहिलेले असते तिथे कोणाची हरकत नाही. ‘सिस्टिम’खाली मात्र पुष्कळदा आवाजाच्या ड्रायव्हरचे नाव दिसते आणि पुढच्या ओळीत ध्वनिप्रवाह वापरात असल्याची टीप असते. ब्राउझरच्या एखाद्या विसरलेल्या टॅबमधली जाहिरात आवाज मिटवून चालू असली, तरी एवढे पुरते. दुसरे ओळखीचे नाव ‘एसआरव्हीनेट’. घरातला दुसरा संगणक किंवा टीव्ही या यंत्रावरचे शेअर केलेले फोल्डर वाचत असला की ते येते. त्याला कायमचे दुर्लक्षित करण्याची सोय आहे, पण रात्री याच फोल्डरातून बॅकअप चालत असेल तर तो अर्ध्यात तुटेल. तेव्हा ती सोय वापरण्याआधी फोल्डर कोण वाचतो आहे, हे पाहणे बरे.

रात्री आपोआप उठणाऱ्या संगणकासाठी ‘लास्टवेक’ हा पर्याय शेवटचा उठवणारा सांगतो आणि ‘वेकटायमर्स’ पुढचा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये पॉवर-ट्रबलशूटर या स्रोताची क्रमांक १ ची नोंदही प्रत्येक वेळचे कारण लिहून ठेवते. आरोपी सहसा दोघांपैकी एक असतो. पहिला नेटवर्क कार्ड : ड्रायव्हर अपडेट होताच त्याच्या गुणधर्मांतली ‘फक्त मॅजिक पॅकेटनेच (उठवण्यासाठी मुद्दाम पाठवलेल्या संदेशानेच) उठवावे’ ही खूण निघून जाते आणि मग नेटवर्कवरची कोणतीही किरकोळ हालचाल संगणकाला उठवते. दुसरा म्हणजे स्वतः विंडोज अपडेट, जे उरलेले काम उरकायला टायमर लावून ठेवते. पॉवर प्लॅनच्या प्रगत सेटिंगांत वेक टायमर बंद करता येतात किंवा फक्त महत्त्वाचे ठेवता येतात. अपडेटने पॉवर प्लॅन मूळपदावर नेलेला असू शकतो, म्हणून पूर्वी केलेला बदल अजून शाबूत आहे असे गृहीत धरू नये.

‘शट डाउन’बद्दल एक खुलासा आवश्यक आहे. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर संगणक पूर्ण बंद होत नाही. कर्नल व ड्रायव्हर यांची स्थिती हायबरनेटच्या फाइलीत साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत उघडते. बिघडलेला ड्रायव्हरही तिच्याबरोबर जसाच्या तसा परततो. ‘दहा वेळा बंद-चालू करून पाहिले’ असे सांगणाऱ्याने खरे तर एकदाही नवा प्रारंभ केलेला नसतो. ‘रिस्टार्ट’ मात्र खरा असतो. शिफ्ट दाबून केलेला ‘शट डाउन’ही. डिस्कवर जागा व्हावी म्हणून हायबरनेट बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने फास्ट स्टार्टअप जातोच, शिवाय डेस्कटॉपसाठी असलेली हायब्रिड स्लीपही जाते, जिच्यात रॅमबरोबर डिस्कवरही प्रत ठेवली जाते. भारनियमन अनुभवलेल्या गावात यूपीएसशिवाय असा संगणक नुसता स्लीपवर टाकला आणि वीज गेली, तर न साठवलेले काम गेले म्हणून समजावे.

मॉडर्न स्टँडबाय : बॅगेत तापलेल्या लॅपटॉपची तक्रार या गटातली. विंडोज ८ मधील कनेक्टेड स्टँडबायचा विंडोज १० मध्ये मॉडर्न स्टँडबाय झाला. यात संगणक एस-३ मध्ये जातच नाही. फोनसारखा एस-० मध्येच, पण अत्यल्प विजेवर पडून राहतो आणि मधूनमधून थोडे काम करतो. सगळी उपकरणे खरोखर गप्प बसली तर ही पद्धत उत्तम. एक ड्रायव्हर जरी अपडेटनंतर चुळबुळत राहिला, तरी यंत्र झाकणाखाली जागेच राहते आणि एस-३ सारखा सगळ्यांना सक्तीने बंद करणारा खटका इथे नसतो. या पद्धतीची घाई झाली असे म्हणायला जागा आहे. पॉवरसीएफजीचा ‘स्लीपस्टडी’ हा अहवाल गेल्या काही दिवसांतल्या प्रत्येक झोपेत किती टक्के वेळ खरी विश्रांती झाली आणि कोणी मोडली, ते दाखवतो. एस-३ ला परतण्यासाठी रजिस्ट्रीत एक नोंद घालण्याचा सल्ला मिळतो, पण फर्मवेअरमध्ये एस-३ ठेवलेलाच नसेल तर त्याचा उपयोग नाही. उलट झोपलेला संगणक उठेनासा होऊ शकतो. लेनोव्होचा २०१८ मधला सहाव्या पिढीचा थिंकपॅड एक्स१ कार्बन असाच एस-३ शिवाय आला होता. लिनक्स वापरणाऱ्यांच्या तक्रारींनंतर त्याच वर्षी बायोसच्या अपडेटमध्ये तो पर्याय देण्यात आला. इथे अपडेट औषध ठरले.

लिनक्स व मॅक : लिनक्समध्ये ‘सिस’ फाइलप्रणालीतील ‘मेम_स्लीप’ ही फाइल वाचली की ‘एसटूआयडल’ आणि ‘डीप’ यांपैकी सध्याचा प्रकार चौकटी कंसात दिसतो. ‘डीप’ म्हणजे एस-३. हायबरनेट अचानक नाकारले जात असेल तर सिक्युअर बूटकडे पाहावे. २०१९ च्या ५.४ कर्नलमध्ये चालू कर्नलशी छेडछाड रोखणारी लॉकडाउनची व्यवस्था आली आणि ती सिक्युअर बूटला जोडणाऱ्या वितरणांत हायबरनेट मुद्दाम बंद असते. हा बिघाड नव्हे, सुरक्षेचा निर्णय आहे. झोपेतून उठल्यावर काळा पडदा येत असेल तर एनव्हिडियाचा ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधला गेला आहे का, हे आधी पाहावे. मॅकमध्ये टर्मिनलमधली पीएमसेट ही आज्ञा ‘असर्शन्स’ या यादीतून जागे ठेवणाऱ्या प्रक्रियांची नावे देते. अपडेटनंतरची बॅटरीची पहिली तक्रार बहुधा स्पॉटलाइटच्या सूचीकरणातून येते आणि आपोआप शमते.

माघार : कारण सापडले पण उपाय नसेल तर एकच पायरी मागे घ्यावी. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमधून एकट्या ड्रायव्हरची आधीची आवृत्ती आणता येते. मोठे आवृत्ती-अपडेट एरवी दहा दिवसांच्या आतच परतवता येते, नंतर जुन्या फाइली पुसल्या जातात. लिनक्समध्ये बूट होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूतून आधीचा कर्नल निवडणे हीच उत्तम चाचणी आहे. जुन्या कर्नलवर दोष गेला तर तपासाचे क्षेत्र लगेच आवळते. फर्मवेअरच्या बाबतीत मात्र सावध असावे. सुरक्षेच्या कारणाने अनेक लॅपटॉप जुने बायोस परत बसवू देत नाहीत. म्हणून बायोसचे अपडेट ड्रायव्हरच्या अपडेटबरोबर एकाच बैठकीत करू नये, आणि ते करण्याआधी पॉवरसीएफजीचा ‘ए’ अहवाल फाइलीत साठवून ठेवावा. नंतर एखादी अवस्था नाहीशी झाली तर उत्पादकाकडे तक्रार करताना आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही कागद हाती असतात.