'ताप' नावाचा रकाना: साथ, नोंद आणि पवनार

१/ वर्ध्याहून नागपूरकडे जाताना धाम नदीच्या काठी पवनार लागते. १९३८ मध्ये खालावलेली प्रकृती सुधारावी म्हणून विनोबा भावे येथे आले. त्याआधी वीस वर्षे, ऑक्टोबर १९१८ मध्ये, त्यांच्या आई रुक्मिणीबाई इन्फ्लुएन्झाच्या साथीत बडोद्यात निवर्तल्या होत्या.

२/ त्या मृत्यूची आठवण मुलाने जपली. इतरांची नोंद कोणी ठेवली? वर्धा तेव्हा मध्य प्रांतात होते. गावचा कोतवाल जन्ममृत्यूची वर्दी पोलीस ठाण्यात देई. मृत्यूचे कारण बहुधा एकच लिहिले जाई: 'ताप'. हिवताप, विषमज्वर, इन्फ्लुएन्झा, सारे त्याच रकान्यात.

३/ म्हणूनच १९१८ च्या साथीतील भारतीय बळींचे अंदाज आजही साधारण १ कोटी २० लाखांपासून २ कोटींपर्यंत हेलकावतात. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा किंचित कमी भरली. संहाराचे खरे मोजमाप वजाबाकीने करावे लागले.

४/ पुढे याच परिसरात नोंदीची निराळी परंपरा रुजली. १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथील कस्तुरबा रुग्णालयाच्या आरोग्य विमा योजनेत गावकरी सुगीला ज्वारीच्या रूपाने वर्गणी देत. कोविडच्या बऱ्याच आधी या रुग्णालयाच्या नोंदी संगणकावर गेल्या होत्या.

५/ मग २०२० उजाडले. २५ मार्चला दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची मार्गदर्शक तत्त्वे आली; एप्रिलमध्ये 'ई-संजीवनी'वर घरबसल्या डॉक्टर भेटू लागला. १६ जानेवारी २०२१ पासून लसीकरण 'कोविन'वर नोंदले जाऊ लागले. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल अभियान देशभर लागू झाले.

६/ मात्र मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयोगटाला लसीसाठी आधी ऑनलाइन नोंदणी सक्तीची होती. ज्याच्या हाती स्मार्टफोन नाही, त्याने काय करावे? सर्वोच्च न्यायालयाने हाच प्रश्न सरकारला विचारला. पुढे केंद्रावर जाऊन थेट नोंदणी करण्याची मुभा मिळाली.

७/ संशोधनाचा रोखही येथेच वळला. 'हे तंत्र चालते का?' या जुन्या प्रश्नाच्या जोडीला नवे प्रश्न आले: कोण वगळले जाते? एका रुग्णालयाची नोंद दुसऱ्याला वाचता येते का? आशा सेविकेच्या वहीचे ओझे कमी झाले, की वहीच्या जोडीला मोबाइलही आला?

८/ आणि १९१८ चा प्रश्न पुन्हा उभा राहिला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने २०२० व २०२१ या वर्षांत भारतात सुमारे ४७ लाख अतिरिक्त मृत्यू झाल्याचा अंदाज मांडला. अधिकृत कोविडबळी त्याच्या सुमारे एक दशांश होते. भारत सरकारने त्या पद्धतीला आक्षेप घेतला. संगणक आला, तरी वजाबाकी चुकली नाही.

९/ नोव्हेंबर १९८२ मध्ये विनोबांनी पवनारला अन्न, पाणी व औषध नाकारले आणि १५ तारखेला देह ठेवला. देहावर अंतिम शब्द कोणाचा, याचे ते उत्तर होते. देहाविषयीच्या माहितीवर शब्द कोणाचा, हा आजचा प्रश्न आहे. रुग्णाच्या संमतीनेच नोंद पुढे जावी, हे डिजिटल अभियानाचे तत्त्व. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला.

१०/ कोतवालाच्या वर्दीत माणसाचे दुखणे 'ताप' या एका शब्दात हरवले. आज रकाने हजारो आहेत. पण गावातला शेवटचा माणूस त्यांत आहे का, आणि त्याला विचारून तो तेथे आला आहे का, यावरच पुढच्या साथीचा इतिहास किती खरा लिहिला जाईल हे ठरेल.