काळोखातली माशी

बंदुकीच्या नळीच्या टोकाशी नेम धरण्यासाठी जो बारीक उंचवटा असतो, त्यास आपल्या भाषेत माशी म्हणतात. नाव मोठे समर्पक आहे. कारण रात्र पडली की तीही माशीप्रमाणेच दिसेनाशी होते.

गेल्या माघात मनावरला एका आप्तांकडे आमचा मुक्काम होता. त्यांचे शेत गावापासून दूर, आणि घर शेतातच. आजोबांच्या वेळचे वेब्ले रिव्हॉल्व्हर रीतसर परवान्यासह वारशाने त्यांच्याकडे आलेले. त्याच्या माशीवर रात्री दिसेल असे काही बसवावे, असे त्यांच्या चिरंजीवांच्या मनात आले होते; गाड्यांच्या पाट्या करणाऱ्या ‘रेडियम’वाल्याकडून एक चकचकीत पट्टीही त्यांनी आणून ठेवली होती. इतिहासाचा नाद असलेला पाहुणा घरी आला, म्हणून निवाडा आमच्याकडे सोपवला गेला. तेथे जे तुटक उत्तर दिले, ते येथे सविस्तर मांडतो.

रात्रीच्या नेमाची अडचण माळव्यास नवी नाही. पवार, होळकर, शिंदे यांच्याबरोबर आपली घराणी नर्मदा ओलांडून आली, तेव्हा शिपायाच्या हाती तोड्याची बंदूक होती. तोडा म्हणजे धुमसती दोरी. काळोखात शिपायास शत्रू दिसण्यापूर्वी शत्रूसच त्याचा निखारा दिसे. पुढे तोडा गेला, तरी अंधार राहिलाच. ऑक्टोबर १८५७ मध्ये इंग्रज फौजेने धारच्या किल्ल्यास वेढा घातला आणि तोफांनी तटास खिंडार पाडले. पण ३१ तारखेच्या रात्री आतली शिबंदी निसटली आणि हल्ला करणाऱ्यांस किल्ला रिकामा सापडला. येथे एक गंमत वाचकांनी ध्यानात घ्यावी. त्याच वर्षी १८ सप्टेंबरला सूर्यग्रहण झाले, म्हणजे ती अमावास्या. तेथून तिथी मोजल्या, तर ३१ ऑक्टोबरला पौर्णिमा एक-दोन दिवसांवर आलेली होती. एवढे चांदणे असूनही वेढा घालून बसलेल्या बंदुका काही करू शकल्या नाहीत.

संस्थानी काळातल्या शिकाऱ्यांनी यावर आपल्यापरीने तोड काढली. मचाणावर बसून रात्री शिकार करायची, तर माशीच्या जागी हस्तिदंताचा किंवा पांढऱ्या मिन्याचा ठळक मणी बसवून घेत. चांदण्यात तो अंधुक का होईना, पण दिसे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते पर्व संपले. ते संपले हे बरेच झाले.

परंतु मचाणावरच्या शिकाऱ्यास एक सोय होती. आमिषापाशी जनावरच येणार, हे त्यास ठाऊक असे. माणसांच्या बाबतीत तसे नसते. २२ जून १८९७ची पुण्याच्या गणेशखिंड रस्त्यावरची रात्र आपणांस परिचित आहे. राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून गाड्या परतत होत्या. दामोदर चापेकरांनी रँडच्या गाडीवर मागून चढून अगदी जवळून पिस्तूल झाडले. तेथे माशीची गरज पडली नाही. गरज पडली ती ‘गोंद्या आला रे’ या खुणेच्या शब्दाची. अंधारात नेमापेक्षा ओळख पटवणेच कठीण होते. त्याच रात्री मागच्या गाडीतील लेफ्टनंट आयर्स्ट बाळकृष्ण चापेकरांच्या गोळीने जागीच ठार झाले. रँड ३ जुलैस मरण पावले. त्या कृत्याच्या राजकारणात येथे शिरत नाही. रात्रीच्या पिस्तुलाचा प्रश्न कोठे अडतो, एवढेच पाहायचे आहे.

आता प्रकाशणाऱ्या माशीकडे वळू. १८९८ मध्ये क्युरी दांपत्याने रेडियम शोधले आणि थोड्याच वर्षांत त्याचा रंग घड्याळांच्या तबकड्यांवर व पहिल्या महायुद्धात बंदुकांच्या माश्यांवरही चढला. अमेरिकेत तो रंग लावणाऱ्या मुली कुंचल्यास टोक आणण्यासाठी तो ओठांत धरीत. त्यांपैकी कित्येकींचे जबडे झिजले, कित्येकी दगावल्या. कपाटात आजोबांचे तसे घड्याळ असेल, तर एक जाणून असावे. त्याची चमक विझते ती रंगातले झिंक सल्फाइड निकामी झाल्याने. रेडियम मात्र तेथेच असते, कारण ते निम्मे होण्यास सुमारे १,६०० वर्षे लागतात. ते घड्याळ उघडून खरवडू नये.

पुढे रेडियमची जागा ट्रिटियमने घेतली. १९३४ मध्ये केंब्रिज येथे रदरफोर्ड, ऑलिफंट आणि हार्टेक यांनी ते प्रथम निर्माण केले. आजच्या पिस्तुलांच्या रात्रीच्या माश्यांत काचेच्या इवल्या नळीत हाच वायू बंद केलेला असतो. त्यास दिव्याखाली धरावे लागत नाही. पण सव्वाबारा वर्षांत त्याचे तेज निम्म्यावर येते, म्हणजे पंचवीस वर्षांनी पाव उरते. तेव्हा घेताना बनावटीचे साल आधी पाहावे. उजेड पिऊन चमकणारे रंगही मिळतात. ते स्वस्त खरे, पण पेटीत ठेवलेल्या शस्त्रावर मध्यरात्री ते विझलेलेच असायचे. ठिपके तीन असतात, मागच्या खाचेच्या दोन बाजूंस दोन आणि पुढे एक. तिन्ही एकाच रंगाचे व सारखेच तेजस्वी असले, तर घाईत पुढचा ठिपका मागच्या दोहोंच्या बाहेर जाऊनही सरळ रेष भासते. म्हणून पुढचा ठळक, मागचे मंद किंवा वेगळ्या रंगाचे, हीच निवड आम्हांस शहाणपणाची वाटते. पिस्तुलात खाच आणि माशी यांत वीतभरही अंतर नसते. ते १६ सेंटिमीटर धरले, तर माशी एक मिलिमीटर सरकताच दहा मीटरांवर गोळी सहा सेंटिमीटर चुकते.

आणि चिरंजीवांची ती पट्टी? ती रेडियम नव्हेच. ती स्वतः प्रकाशत नाही; अंगावर पडलेला उजेड आला त्या दिशेस परत धाडते. काळोखात ती काळीच. जुन्या वेब्लेची माशी कानशीने घासून ट्रिटियम बसवावे, हेही आम्हांस पटले नाही. वारशाची वस्तू एकदा घासली की गेली. शिवाय १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार असले काम परवानाधारक कारागिराकडेच करावे लागते. मनावर तालुक्यातच सिंघाना आहे. तेथल्या शिकलगारांचे हात पिढ्यान्‌पिढ्या लोखंडात मुरलेले. पण बेकायदा पिस्तुलांमुळे ते गाव वारंवार पोलिसांच्या कागदांत येते. तिकडे जाण्याचा विचारही करू नये, हे आम्ही स्पष्टच सांगितले.

हे सारे बोलणे ओटीवर चालले असता रात्री साडेअकराच्या सुमारास बांधावर एक आकृती हलली. कुत्री भुंकली. चिरंजीव उठून आत वळले. आप्तांनी त्यांस हाताने थांबवले आणि ओटीवरचा दिवा लावून हाक दिली. वीज रात्रीचीच येते, म्हणून गव्हास पाणी द्यायला निघालेला त्यांचाच गडी होता. पावले वाजू नयेत म्हणून त्याने वहाणा हातात घेतल्या होत्या, घरातली मंडळी झोपली असतील या समजुतीने.

रिव्हॉल्व्हर होते तसेच पेटीत आहे. दुसऱ्या दिवशी बांधाच्या दोन्ही टोकांस दिवे लावण्याचे ठरले. ती पट्टी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीस मागून लावली असून, रस्त्यावर ती लांबून स्वच्छ दिसते, असे चिरंजीवांनी कळवले आहे.