इंदूरचा राजवाडा

इंदूरच्या राजवाड्यासमोर येणारा प्रवासी प्रथम त्याचे मजले मोजतो. मजले सात, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. या वास्तूचे सारे प्राक्तन या एका हिशेबात सामावले आहे.

सुभेदार मल्हारराव होळकरांनी इ. स. १७४७ च्या सुमारास वाड्याचे काम आरंभिले. पुढे अहिल्याबाईंनी नर्मदाकाठचे महेश्वर राजधानीसाठी पसंत केले; तरी इंदूरचा वाडा होळकरांच्या दौलतीची खूण म्हणून उभा होता, आणि म्हणूनच तो वैऱ्याच्या डोळ्यांत सलला. इ. स. १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी शिंद्यांचे उज्जैन लुटले. त्याचा सूड सर्जेराव घाटग्यांनी शिंद्यांची फौज घेऊन त्याच वर्षी इंदुरावर उगविला. शहर लुटले गेले, वाडा आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. इंग्रजांची तोफ त्या गावी पोहोचण्यापूर्वीच मराठ्यांचा वाडा मराठ्यांनीच जाळला होता!

१८१७ च्या डिसेंबरात महिदपूरची लढाई हरली, जानेवारीत मंदसोरचा तह झाला, मुलूख गेला. गादीवर अल्पवयीन दुसरे मल्हारराव. अशा दैन्यकाळी इंदूर राजधानी झाले आणि कारभारी तात्या जोग यांनी वाडा पुन्हा उभारविला. पराभूत संस्थानाने इतका उंच वाडा का बांधावा? तोफा कमी झालेल्या दरबाराला आपली प्रतिष्ठा दाखविण्यास दर्शनी भिंतच काय ती उरली होती.

ही दर्शनी बाजू खरोखर देखणी आहे. लोखंडी खिळ्यांनी जडविलेला भव्य दरवाजा, वर सज्जे, झरोके व खिडक्यांच्या ओळी. कोणी तीत मोगली वळण पाहतात, कोणी फिरंगी. परंतु दरवाजा ओलांडून चौकात पाऊल टाकताच मराठी वाड्याची ठेवण ओळखू येते. वर लाकूड योजल्याने भार हलका झाला, कोरीव कामास वाव मिळाला. मात्र आगीलाही सरपण मिळाले. इ. स. १८३४ मध्ये पुन्हा आग लागून एक मजला जळाला. १९८४ च्या दंगलीतील आग सर्वांत भयंकर. तीत मागील भागाची राख झाली, दर्शनी भाग तेवढा बचावला.

पुढे उषाराजे होळकरांच्या पुढाकाराने मागील भाग जुन्या पद्धतीने, जुन्याच जातीचे साहित्य वापरून बांधण्यात आला. २००७ साली ते काम पुरे झाले, आणि होळकरांचे कुलदैवत मल्हारी मार्तंड यांचे देवघर पुन्हा वाड्यात नांदू लागले.