रक्त कुणाचं मोजलं?

गावात कुणाला रक्ताचा कॅन्सर निघाला की चार दिवसांत पारावर एकच चर्चा. "त्यांच्या घराण्यात होता का?" मग त्या घरातल्या पोरीची जमत आलेली सोयरीक अडते. म्हणून आज सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी आहे, वेळ काढून वाचा.

सरळ उत्तर आधी देतो. बहुतेक रक्ताचे कॅन्सर आई-बापाकडून येत नाहीत. हाडातल्या मगजात रोज अब्जावधी रक्तपेशी तयार होतात. त्यातल्या एखादीच्या गुणसूत्रात नव्याने बिघाड होतो आणि ती बेलगाम वाढत सुटते. १९६० साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये असं बिघडलेलं गुणसूत्र सापडलं. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवलं की ९ आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची तिथे अदलाबदल झालेली असते. हा बिघाड रुग्णाच्या रक्तापुरता. लेकरांत उतरत नाही.

मग वारशाचा काहीच संबंध नाही? आहे, पण थोडा. २००९ मध्ये समजलं की काही जनुकांत एखाद्या अक्षराचा फरक असला तर लहान मुलांच्या ल्युकेमियाची शक्यता जरा वाढते. मुळात आजारच इतका विरळ की असा फरक असलेली जवळपास सगळी मुलं ठणठणीत राहतात. मोजक्या कुटुंबांत जोखीम खरोखर जास्त असते, तिथे डॉक्टर स्वतःच घरच्यांना तपासणी सांगतात. बाकी सोयरीक मोडायला हे कारण होऊच शकत नाही.

पण २००९ चे ते अभ्यास मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर झाले. आपलं रक्त कुणी मोजलं?

सुरुवात मुंबईत झाली होती, तीही लवकर. १९३१ मध्ये सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहरबाई ल्युकेमियाने गेल्या. दुसऱ्याच वर्षी दोराबजींनी त्यांच्या नावाने ट्रस्ट काढला, तो आजही जगभर ल्युकेमियाच्या संशोधनाला पैसा देतो. १९४१ मध्ये परळला टाटा हॉस्पिटल उघडलं. तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर. त्यांनी आणि एल. डी. संघवींनी १९४९ मध्ये मुंबईतल्या, आपापसातच लग्नं करणाऱ्या सहा समाजांचे सात आनुवंशिक गुण मोजून छापले. जात आणि रक्त यांचं नातं भाषणात नाही, आकड्यात पाहायचं, हे त्या काळी मोठंच धाडस म्हणायचं.

न मोजल्याने काय होतं, त्याचं एक उदाहरण. ल्युकेमियाच्या मुलांना घरी रोज मर्कॅप्टोप्युरिनची गोळी देतात. अमेरिकेत हे औषध १९५३ पासून आहे. काहींना नेहमीच्या डोसानेच पांढऱ्या पेशी धोकादायक उतरतात. पाश्चात्त्य देशांत याचं कारण टीपीएमटी नावाच्या जनुकात सापडलं होतं. आशियातल्या कितीतरी रुग्णांचं टीपीएमटी चांगलं, तरी पेशी उतरायच्या. २०१४ मध्ये कोरियन संशोधकांना उत्तर मिळालं, एनयूडीटी१५ हे दुसरंच जनुक. त्यातला फरक युरोपात क्वचित, आपल्याकडे दहा जणांमागे साधारण एकात. म्हणजे साठ वर्षं आपली लेकरं दुसऱ्यांच्या रक्तावर ठरलेला डोस खात होती!

आणि आपल्या दौलताबादचं रक्त तर आणखी गुंत्याचं. यादवांची देवगिरी, मग १३२७ च्या सुमारास तुघलकाने दिल्लीहून आणलेली माणसं. पुढे हबशी मलिक अंबर, ज्याने खडकी वसवली आणि जो शेजारी खुलताबादेत विसावलाय. किल्ल्याखालच्या वस्तीत कुणाच्या वारशात काय काय मिसळलंय, हे आडनावावरून सांगता येणार नाही. रक्तच तपासावं लागेल.

जीनोम इंडिया प्रकल्पात देशभरातल्या सुमारे १० हजार लोकांचे जीनोम वाचले गेले, जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांसाठी खुली झाली. दीडशे कोटींच्या घरातल्या देशात १० हजार. सुरुवात आहे, पण मराठवाड्यातल्या गावागावांपर्यंत हे पोचायला हवं. आपल्या शहरात २०१२ पासून शासकीय कॅन्सर रुग्णालय आहे, मेडिकल कॉलेज आहे. आमदार-खासदारांकडे रस्ते मागतो, तसं हेही मागू या.

आणि ज्यांच्या घरात लेकराला ही गोळी सुरू होणार आहे, त्यांनी डॉक्टरांना एवढं नक्की विचारा: "साहेब, एनयूडीटी१५ ची तपासणी करायची का?" सुरू असलेली गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.