शेंगेनचा शिक्का

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेने प्रवाशांची संख्या इतकी वाढवली की सीमेवर प्रत्येकाचे कागद तपासणे अव्यवहार्य ठरले, आणि रशिया व ऑटोमन साम्राज्य वगळता युरोपातील बहुतेक राज्यांनी पासपोर्टची सक्ती सैल केली. पहिल्या महायुद्धाने ती पुन्हा आणली. युद्धापुरती म्हणून आलेली ही व्यवस्था युद्ध संपल्यावरही हटली नाही. उलट 1920 साली राष्ट्रसंघाच्या पॅरिस परिषदेने 32 पानी पुस्तिकेचा नमुना सुचवून तिला कायमचे रूप दिले, आणि त्याच वर्षी ब्रिटिश हिंदुस्थानातही पासपोर्टविषयीचा कायदा झाला.

लक्झेंबर्गमधील शेंगेन गावाजवळ, मोझेल नदीतील एका बोटीवर, 14 जून 1985 रोजी पाच देशांनी आपसांतील सीमातपासणी हळूहळू थांबवण्याचा करार केला. प्रत्यक्षात तो मार्च 1995 मध्ये सात देशांत अमलात आला. आतल्या सीमा मोकळ्या झाल्यामुळे तपासणीचा सारा भार बाहेरच्या सीमेवर पडला, आणि तेथे उमटणाऱ्या शिक्क्याला पूर्वी नसलेले वजन आले. प्रवेशाचा शिक्का आयताकृती, तर निर्गमनाचा गोलसर कोपऱ्यांचा असे. एका कोपऱ्यात ताऱ्यांच्या कड्यात देशाची अक्षरे, दुसऱ्यात विमान, जहाज, मोटार वा आगगाडी यांपैकी एकाचे चित्र, मध्ये तारीख आणि खाली सीमाचौकीचे नाव. पुढे संग्राहकांनी त्याला प्रवासाची आठवण मानले, तरी मुळात तो हिशेबाचा आकडा होता.

हा हिशेब असा, की अल्प मुदतीसाठी येणाऱ्या परदेशी व्यक्तीला कोणत्याही 180 दिवसांच्या कालखंडात जास्तीत जास्त 90 दिवस राहता येते, आणि हा कालखंड ठरलेल्या तारखेला सुरू होत नसून रोज एका दिवसाने पुढे सरकतो. परिणामी अधिकाऱ्याला पाने उलटत, कुठे पुसट तर कुठे एकावर एक उमटलेले शिक्के जुळवत दिवस मोजावे लागत. सगळ्याच चौक्या नियमाने शिक्का मारीत नसल्यामुळे 2004 मध्ये तो मारणे युरोपीय संघाने बंधनकारक केले. त्याबरोबर प्रवेशाचा शिक्का नसल्यास प्रवासी मुदत उलटूनही राहिला असे गृहीत धरण्याची आणि तिकिटे वगैरे दाखवून ते खोडण्याची मुभा देणारी तरतूदही आली. अधिकाऱ्याच्या विसरण्याची किंमत प्रवाशाने मोजावी, हा न्याय विचित्रच म्हणावा लागेल.

2017 च्या नियमाने ठरवलेली प्रवेश-निर्गमन प्रणाली, म्हणजे शिक्क्याऐवजी संगणकात नोंद करणारी व्यवस्था, अनेकदा लांबणीवर पडून 12 ऑक्टोबर 2025 रोजी 29 देशांत सुरू झाली, आणि 10 एप्रिल 2026 पर्यंत ती सर्व बाह्य सीमांवर लागू करण्याचे ठरले. व्हिसाची गरज नसलेल्या प्रवाशाच्या चार बोटांचे ठसे व चेहऱ्याचे छायाचित्र तीत साठवले जाते. भारतीयांचे ठसे व्हिसाच्या अर्जाबरोबर आधीच घेतलेले असल्याने त्यांचा चेहरा तेवढा नव्याने नोंदला जातो. 1961 पूर्वी पोर्तुगीज अमलाखाली जन्मल्याच्या आधारे पोर्तुगीज नागरिकत्व मिळवलेले गोमंतकीय मात्र या प्रणालीच्या कक्षेबाहेर आहेत, कारण कायद्याच्या दृष्टीने ते युरोपीय नागरिक आहेत.

नवी मोजणी अधिक अचूक आहे यात शंका नाही. मात्र शिक्का प्रवाशाच्या खिशात असे. वाद उद्भवल्यास तो पान उघडून दाखवू शकत असे. आता नोंद सरकारी संगणकात सामान्यतः तीन वर्षे, आणि बाहेर पडल्याची नोंद नसल्यास पाच वर्षे राहते. उरलेले दिवस पाहण्यासाठी संकेतस्थळाची सोय असली, तरी तेथे दिसतो तो सरकारचाच हिशेब, आणि त्यात चूक झाली तर प्रवाशाजवळ स्वतःचा कागद उरत नाही. म्हणूनच प्रत्येक नोंदीची छापील पावती मागण्याचा हक्क प्रवाशाला मिळायला हवा.