अर्ध्या मिनिटाची शांतता

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर, आमच्या मानपाड्याच्या आसपास आणि तिथून पुढे, गेल्या काही वर्षांत मालिकांचे कितीतरी संसार थाटले गेले. बाहेरून गोदाम वाटावे अशी पत्र्याची शेड, आत मात्र जिना, देवघर, तुळशीवृंदावन, सगळे जिथल्या तिथे. अशा ठिकाणी चौकटीबाहेर कानांना हेडफोन लावून बसलेला एक माणूस असतो. दृश्य पार पडले की तो सगळ्यांना जागच्या जागी गप्प उभे करतो आणि कोणीही काही बोलत नसताना अर्धे मिनिट ध्वनिमुद्रण करतो. याला ‘रूम टोन’ म्हणतात. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. संकलनात दोन वाक्यांमधली फट बुजवायची तर त्याच खोलीची शांतता लागते. या माणसाचा, म्हणजे स्थळावरच्या ध्वनिलेखकाचा, इतिहास धुंडाळू लागलो तेव्हा ध्यानात आले, की हा शांततेच्या टंचाईचाच इतिहास आहे.

सुरुवातच टंचाईने झाली. अर्देशीर इराणींचा ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. त्याचे चित्रीकरण ग्रँट रोडला केनेडी ब्रिजजवळच्या स्टुडिओत झाले. शेजारी रेल्वेचे रूळ. त्यामुळे मध्यरात्रीनंतर गाड्या थांबल्या की मंडळी कामाला लागत. यंत्र ‘टॅनर’ जातीचे. चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर उमटायचे, म्हणजे चुकलेला शब्द नंतर वेगळा दुरुस्त करण्याची सोय नाही. यंत्राबरोबर विल्फर्ड डेमिंग हा अमेरिकन तंत्रज्ञ आला होता. त्याला रोजचे १०० रुपये मोजावे लागत. ते परवडेनात, तेव्हा इराणी आणि रुस्तम भरुचा हे काम शिकून घेऊन स्वतःच ध्वनिमुद्रणाला बसले. आपल्याकडचा पहिला ध्वनिलेखक असा खर्चाच्या धास्तीतून घडला! दुर्दैव असे, की ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. छायाचित्रे उरली, आवाज गेला.

म्हणूनच कोल्हापूरचे मोल अधिक. प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ १९३२ साली मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. जपून राहिलेल्या भारतीय बोलपटांत तो सर्वांत जुना मानला जातो. त्याचे ध्वनिलेखन विष्णुपंत दामल्यांचे. ‘संत तुकाराम’चे दिग्दर्शक म्हणून दामले-फत्तेलाल ही जोडी सर्वांना ठाऊक, पण दामले हे प्रभातचे ध्वनिलेखकही होते, हे क्वचितच कोणी सांगते. बाबूराव पेंटरांच्या हाताखाली मूकपटात घडलेल्या या माणसाने चाळिशीच्या उंबरठ्यावर ‘ऑडिओ कॅमेक्स’ हे यंत्र आपलेसे केले. तेव्हा पार्श्वगायन नव्हते. ते १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने आणले. पन्नाशीतले गोविंदराव टेंबे हरिश्चंद्राच्या वेषात गायचे आणि बोलायचे, दुर्गा खोटे तारामती म्हणून बोलायच्या, ते तिथेच, त्याच क्षणी. त्या क्षणाचा आवाज आजही ऐकता येतो. मला हे दामल्यांचे दिग्दर्शनाइतकेच मोठे काम वाटते.

१९३३ साली प्रभात पुण्यात, तेव्हाच्या गावाबाहेर आली. त्याच आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि ध्वनिलेखन हा रीतसर शिकवण्याचा विषय झाला. २००९ साली ‘स्लमडॉग मिलियनेअर’साठी ऑस्कर मिळवणारे रसूल पुकुट्टी तिथलेच.

मधल्या काळात मात्र आपल्या सिनेमाने स्थळावरच्या आवाजाकडे पाठच फिरवली. कॅमेरा स्टुडिओबाहेर पडला. ‘अ‍ॅरिफ्लेक्स’चा हलका कॅमेरा खांद्यावर घेता येई, पण तो शिलाईयंत्रासारखा खडखडे. मग सेटवरचा आवाज नुसता खुणेपुरता घ्यायचा आणि नट-नटींनी महिनोन्‌महिने उलटल्यावर डबिंगच्या बंद खोलीत पडद्याकडे बघत संवाद पुन्हा म्हणायचे, अशी रीत पडली. पावले, बांगड्या, दाराची कडी हेही नंतर तयार करायचे. वास्तविक स्टीफन कुडेल्स्कीचा ‘नाग्रा’ हा खांद्याला अडकवण्याजोगा ध्वनिमुद्रक १९५१ पासून जगात होता. पोलिश भाषेत त्या नावाचा अर्थच ‘मुद्रित करील’ असा. साधन होते, पण शांतता मागण्याचा धीर नव्हता. शंभर माणसांच्या गर्दीला गप्प करण्यापेक्षा डबिंग सोपे.

स्थळावरचा आवाज परत आणला तो २००१ च्या ‘लगान’ने, असे सांगण्याची पद्धत आहे. कच्छच्या माळावर नकुल कामटे यांनी घेतलेल्या त्या आवाजाचे श्रेय मोठेच. मराठीत २०१४ च्या ‘कोर्ट’चे उदाहरण घ्यावे. वीरा साथीदारांच्या शाहिरी आवाजातली धग डबिंगच्या खोलीत पुन्हा पेटली असती, असे मला वाटत नाही. तरीही या कथेत एक पान गळते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्याच्या स्टुडिओत चित्र आणि आवाज बरोबरच घेतले जात. १९९९ साली अल्फा मराठी आली, पुढे दैनंदिन मालिकांचा रतीब सुरू झाला. रोज भाग द्यायचा तर डबिंगला सवड कुठली? पदराआड लपवलेला लेपल माइक आणि डोक्यावर धरलेला बूम यांच्या भरवशावर हे काम वर्षानुवर्षे चालू आहे. त्याला कोणी क्रांती म्हटले नाही, इतकेच.

आता ही मंडळी मानपाड्याकडे सरकली आणि त्यांच्यामागोमाग गोंगाटही आला. येऊरच्या जंगलातला कोकीळ एका शॉटमध्ये ओरडतो, दुसऱ्यात गप्प बसतो. सासू-सुनेच्या एकाच भांडणात ऋतू बदलल्यासारखे वाटते. पावसाची सर पत्र्यावर आली की सगळे खोळंबते. इराणींना रात्रीचा तरी आसरा होता. घोडबंदर रस्त्यावर अवजड वाहनांची वर्दळ रात्रीच वाढते, आणि मेट्रो ४ च्या कामाने दिवसही सोडलेला नाही.

या कामाची कदर किती, हे राष्ट्रीय पुरस्कारांवरून कळते. २००९ च्या पुरस्कारांपासून ध्वनीचे तीन भाग झाले आणि स्थळावरच्या ध्वनिलेखकाला प्रथमच स्वतंत्र पारितोषिक मिळू लागले. अट एकच : आवाज तिथेच घेतलेला हवा. ६८ व्या पुरस्कारांत, २०२२ साली, ते ‘डोल्लू’ या कन्नड चित्रपटाला जाहीर झाले. आणि चित्रपट मुळात डब केलेला होता, हे त्याच्याच ध्वनिसंयोजकाने सांगितले. परीक्षकांच्या कानांना फरक कळला नव्हता. पुढे नियम बदलले आणि ७० व्या पुरस्कारांपासून ध्वनीसाठी एकच पारितोषिक राहिले. ते ध्वनिसंयोजकाचे. स्थळावरच्या ध्वनिलेखकाचा रकाना रद्द झाला.