तीन तासांचं आयसिंग

हाना ग्लास यांचं इंग्रजी पाकपुस्तक १७४७ साली लंडनमध्ये छापलं गेलं. त्यात मोठ्या केकच्या आयसिंगची कृती आहे: २४ अंड्यांचा पांढरा बलक, कुटून चाळलेली एक पौंड साखर, आणि मग दोन-तीन तास फेटणं! आज घरच्या शुगर कुकीसाठी आपण कपभर पिठीसाखरेत दोन चमचे दूध घालतो, पाच मिनिटांत काम संपतं.

जुनी माणसं चिवट होती, असं म्हणून पुढे जाऊ नका. आधी प्रमाण काढा. आजच्या अंड्याच्या मापाने २४ बलक म्हणजे साधारण ७०० ग्रॅम, साखर मात्र ४५० ग्रॅमच. आपल्याकडे उलटं, द्रवाच्या चौपट साखर. म्हणजे आपलं आयसिंग घट्ट होतं ते बारीक साखरेमुळे, त्यांचं फेसामुळे. वेळ जायचा तो फेसासाठी.

आता खरा प्रश्न: तीन तास फेटायचं कोण? कृतीत तसा उल्लेख नाही. पण प्रस्तावना वाचा (आपण ती हमखास गाळतो). पुस्तक घरातल्या नोकरांना शिकवण्यासाठी लिहिलंय, असं बाई तिथे सरळ सांगतात.